साइझिंग डायमधून गोळ्या एका मापाच्या निघत नाहीत? दोष शोधायचा क्रम

बंदुकीसाठी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या साइझिंग डायमधून (गोळी दाबून ठरलेल्या व्यासाची करणाऱ्या पोलादी भोकातून) काढल्या आणि एक ०.३५८० इंच, दुसरी ०.३५८८, तिसरी एका बाजूने ०.३५८१ तर दुसऱ्या बाजूने ०.३५७२ भरली, की बहुतेकांचा हात थेट पॉलिश पेपरकडे जातो. डाय घासली जाते. आठवड्याने फरक तसाच, आणि डाय मात्र कायमची मोठी झालेली. मीही एक डाय अशी घालवली आहे. नंतर कळलं की त्या दिवशीच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या शिशांच्या होत्या.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग ओतलेली गोळी, मग धातू, मग वंगण आणि प्रेस (गोळी डायमधून ढकलणारं यंत्र), आणि सगळ्यात शेवटी डाय. पहिल्या चार ठिकाणी झालेली चूक सुधारता येते, डायमधून निघालेलं पोलाद परत भरता येत नाही.

हा लेख फक्त गोळीच्या मापापुरता आहे. काडतूस भरण्याची माहिती इथे नाही. गोळ्या ओतायला किंवा बाळगायला जिथे परवाना लागतो, तिथे तो हातात असल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

## तयारी: टेबलावर काय हवं

०.०००१ इंच किंवा ०.००१ मिमी दाखवणारा, रॅचेट (ठरलेल्या दाबाला टकटक करून सटकणारी मूठ) असलेला मायक्रोमीटर हवा. व्हर्नियर किंवा डिजिटल कॅलिपर इथे चालत नाही. साध्या कॅलिपरचीच चूक एक थाऊच्या आसपास असते (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी) आणि आपण शोधतोय तो फरक त्याहून कमी आहे. फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्यातला हा प्रकार.

सोबत एक असं काहीतरी ठेवा, ज्याच्या मापाबद्दल शंकाच नाही. गेज पिन (नेमक्या व्यासाची पोलादी पिन) उत्तम. ती नसेल तर चांगल्या बेअरिंगमधला एखादा दंडगोल रोलर घ्या. रोलर कडक असतो, गोल असतो आणि वर्षभराने मोजला तरी तेवढाच भरतो. शिवाय परमनंट मार्कर, भिंग, ग्रॅमचे बारीक अंश दाखवणारा काटा, कापसाच्या पट्ट्या, आणि वही. वही टाळू नका, कारण डोक्यात ठेवलेली मापं दुसऱ्या दिवशी आपल्या सोयीची होतात.

सावधान: शिसं हाताळताना खाणं-पिणं-धूम्रपान बंद. काम संपल्यावर साबणाने हात धुवा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. ओतकाम हवा खेळती असेल तिथेच करा, चष्मा आणि हातमोजे घालून. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको. पाणी शिशाखाली गेलं तर वाफ होऊन शिसं भांड्याबाहेर उडतं.

## टप्पा १: आधी स्वतःचा हात तपासा

मायक्रोमीटरचं तोंड कागदाने पुसा, शून्य बघा, मग रोलर मोजा. एकच रोलर दहा वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण काढून परत लावून. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यातला फरक वहीत लिहा. तो ०.०००३ इंच आला, तर त्याहून कमी फरक दाखवणाऱ्या कुठल्याही गोळीबद्दल तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आता तेच एका गोळीवर करा. इथे पहिली गंमत दिसते. शिसं मऊ असतं. रॅचेट न वापरता दांडा जोरात आवळला तर गोळीवर चपटी खूण उठते आणि आकडा खाली घसरतो. मग त्याच जागी दुसऱ्यांदा मोजलं की आणखी कमी. रॅचेट दोनदा टकटकला की थांबा, प्रत्येक वेळी तेवढंच.

गोळी थंड असू द्या. शिसं दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखातले सुमारे २९ भाग फुगतं. म्हणजे ९ मिमीची गोळी २० अंशांनी गरम असेल तर पाच मायक्रॉन, म्हणजे ०.०००२ इंच, जास्त भरते. कोमट गोळी आणि रात्रभर थंड झालेली गोळी यांची तुलना करायची नाही. हातात धरून ठेवलेली गोळीही नाही.

प्रत्येक गोळीचं माप तीन दिशांनी घ्या: साच्याच्या जोडरेषेवर (साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेघेवर), जोडरेषेला काटकोनात आणि मधे कुठेतरी. दोन्ही मुख्य पट्ट्यांवर (गोळीच्या पूर्ण व्यासाच्या भागांवर) घ्या, फक्त बुडाच्या पट्ट्यावर नाही. तिन्ही आकडे सारखे आले तरी ती गोलच आहे असं मात्र नाही, कारण तीन कोपऱ्यांचा आकार समोरासमोरच्या दोन तोंडांमध्ये सगळीकडून सारखा भरू शकतो. शंका आली तर व्ही-आकाराच्या ठोकळ्यावर ठेवून डायल गेजखाली फिरवा.

## टप्पा २: न साइझ केलेली गोळी मोजा

बहुतेकजण हाच टप्पा गाळतात आणि निम्मे दोष इथेच सापडतात. साइझिंग डाय गोळी फक्त बारीक करते. कमी पडलेल्या जागी धातू भरायचं काम ती करत नाही.

समजा, डाय ०.३५८ ची आहे. साच्यातून आलेली गोळी काटकोनात ०.३५९ आहे, पण जोडरेषेवर ०.३५७५. अशा गोळीची एक बाजू डाय दाबते आणि दुसऱ्या बाजूला तिचा स्पर्शच होत नाही. बाहेर आलेली गोळी अंडाकृतीच राहणार, आणि डाय कितीही चांगली असली तरी राहणार.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दहा गोळ्यांचे पट्टे मार्करने काळे करा, वाळू द्या, नेहमीसारख्या डायमधून काढा आणि भिंगाखाली बघा. डायचा स्पर्श झाला तिथला रंग खरवडून चकचकीत शिसं दिसतं. पूर्ण गोलाई चकचकीत असेल तर गोळी डायमध्ये नीट बसली आहे. जोडरेषेच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरले असतील, तर गोळीच बारीक आहे. एकाच बाजूला काळं आणि समोर खोल चकाकी असेल, तर गोळी तिरकी गेली. त्याबद्दल टप्पा ४ मध्ये.

साच्यातून अंडाकृती किंवा लहान-मोठ्या गोळ्या येण्याची नेहमीची कारणं:

साच्याच्या दोन तोंडांवर शिशाचा बारीक शिंतोडा चिकटलेला असतो. साचा पूर्ण मिटत नाही आणि जोडरेषेच्या आडव्या दिशेने गोळी जाड होते. उजेडासमोर मिटलेला साचा धरा. फट दिसली तर साचा गरम असतानाच लाकडी काडीने शिंतोडा काढा, लोखंडाने नाही.

साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात आणि पट्ट्यांच्या कडा गोल राहतात. अशा गोळीचं माप घेणंच व्यर्थ, परत भांड्यात टाका. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या साचा तापवण्यासाठीच ओततोय असं धरून चाला. दुसऱ्या टोकाला, साचा फार तापला की गोळीवर पांढुरकी धुळकट छटा येते. हलकी छटा बिघडवत नाही, पण एकाच घाण्यात निम्म्या चकचकीत आणि निम्म्या धुळकट असतील तर तुमची ओतायची लय सुटली आहे. दोन ढीग वेगळे करून मोजा, मापातही फरक सापडेल.

साच्याची हँडल कधी घट्ट, कधी सैल धरणं हे तिसरं कारण. हे सांगितलं तर हसतात, पण ॲल्युमिनियमच्या साच्यावर ते आकड्यात दिसतं.

तपासणी: वीस कच्च्या गोळ्यांतली सगळ्यांत बारीक गोळी, तिच्या सगळ्यांत बारीक दिशेने, डायच्या मापापेक्षा किमान एक थाऊ मोठी हवी. नसेल तर पुढे जाऊ नका, आधी ओतकाम सुधारा. वजनही करा. बाकींपेक्षा उठून दिसेल इतकी हलकी गोळी आतून पोकळ असते.

## टप्पा ३: धातू एकच आहे का?

गोळी डायमधून निघाली की थोडी परत फुगते. स्प्रिंगची पट्टी वाकवून सोडली की वाकलेली राहत नाही, तसंच. मऊ शिसं जवळजवळ डायच्या मापाचंच राहतं, कडक मिश्रधातू जास्त परत येतो. एकाच डायमधून मऊ आणि कडक गोळ्या काढल्या तर अर्धा थाऊ फरक सहज पडतो. त्यामुळे डायवर कोरलेला आकडा हा गोळीच्या मापाचा शब्द नव्हे, अंदाज आहे.

अंदाज यावा म्हणून ब्रिनेल कडकपणा: शुद्ध शिसं सुमारे ५. नव्वद भाग शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी असं मिश्रण सुमारे १५. छापखान्यातला जुना लायनोटाइप धातू सुमारे २२. एका भांड्यात उरलेलं हे आणि त्यावर नवीन आणलेलं ते, असं वितळवलं की प्रत्येक घाणा वेगळा.

भंगारातल्या चाकांच्या वजनांबाबत जरा डोळे उघडे ठेवा. त्यांत आता शिशाबरोबर जस्ताची आणि लोखंडाची वजनं सर्रास असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं ३५० ते ३७० अंशांवर ठेवलं तर जस्ताचे तुकडे वितळायच्या आत वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. थर्मामीटरशिवाय आच वाढवली की जस्त मिसळतं. मग शिसं दलियासारखं होतं, साचा नीट भरत नाही, आणि जी गोळी बनते ती हलकी आणि कडक.

वेळही मोजा. अँटिमनीयुक्त गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली तर ती पुढच्या काही तासांत आणि दिवसांत कडक होत जाते. त्याच दिवशी साइझ केलेली गोळी आणि दोन आठवड्यांनी साइझ केलेली गोळी डायला सारखा विरोध करत नाहीत. हवेत थंड केलेल्या गोळ्याही बदलतात, फक्त सावकाश. उपाय सोपा आहे: ओतल्यापासून ठरावीक दिवसांनीच साइझ करायचं, आणि डब्यावर तारीख लिहायची. पाण्याने कडक केलेली गोळी फार उशिरा आणि खूप दाबून साइझ केली तर वरचा थर परत मऊ पडतो, तेव्हा लवकर साइझ करणं मला बरं वाटतं.

तपासणी: एकाच घाण्यातल्या, एकाच दिवशीच्या दहा गोळ्या काढा. या दहांतला फरक कमी आणि घाण्या-घाण्यातला जास्त असेल, तर डाय निर्दोष आहे. इथेच थांबा आणि भांड्याचं मिश्रण सांभाळा.

## टप्पा ४: वंगण, पंच आणि प्रेस

कोरडी गोळी डायमधून ढकलली की शिसं डायच्या भिंतीला चाटून जातं. पाच-पन्नास गोळ्यांनी तिथे पातळ थर बसतो, डायचा व्यास तेवढा आत येतो, आणि पुढच्या गोळ्या हळूहळू बारीक आणि ओरखड्यांच्या निघतात. वहीत गोळ्यांचा क्रम लिहिला असेल तरच हे ओळखता येतं: आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेने घसरत असतात. धातूचा फरक असता तर आकडे वर-खाली उड्या मारतात.

थर काढायला तेलात भिजवलेली कापसाची घट्ट गुंडाळी किंवा पितळी ब्रश पुरतो. वंगण मात्र बेताचं. जास्त मेण लावलं तर ते बुडाच्या आणि पंचाच्या (गोळीवर दाब देणाऱ्या दांड्याच्या) मधे साचतं आणि गोळी सरळ बसत नाही.

आता तिरकेपणा. नाक पुढे करून बुडावर दाब देणाऱ्या डायमध्ये पंच सपाट आणि बूड सपाट असलं की गोळी आपोआप सरळ जाते. बुडावर साच्याच्या कापपट्टीने (वरचं जादा शिसं कापणाऱ्या पट्टीने) सोडलेलं टोक उभं असेल तर मात्र पंच त्या टोकावर टेकतो आणि गोळी कलते. नाकावर दाब देणाऱ्या वंगण-साइझरमध्ये (साइझ करतानाच वंगण भरणाऱ्या यंत्रात) पंचाचा खळगा नाकाच्या आकाराशी जुळायलाच हवा. चुकीच्या पंचाने एका बाजूचा पट्टा जाड आणि दुसऱ्या बाजूचा खरवडलेला, अशी गोळी निघते. दुसरा पंच नसेल तर नाकाला किंचित तेल लावून थोडंसं इपॉक्सी खळग्यात भरून त्याच गोळीने ठसा घेतात. हे काम एकदा केलं की वर्षानुवर्षं चालतं.

प्रेसमध्ये डाय इतकी घट्ट आवळू नका की तिला केंद्र शोधायला जागाच उरणार नाही. पंच रॅममध्ये (प्रेसच्या सरकत्या दांड्यात) थोडा हलू द्या. हँडल एकाच वेगाने, न थांबता. अर्ध्यावर थांबलं की गोळीवर कडं उमटतं.

एका दमात किती दाबायचं यालाही मर्यादा आहे. तीन थाऊपर्यंत ठीक. त्याहून जास्त उतरवायचं असेल तर मधल्या मापाची डाय घेऊन दोन पायऱ्यांत करा. पाच-सहा थाऊ एकदम उतरवले की वंगणाच्या खोबणी बुजतात, बुडाची कड पसरते आणि गोळीची गोलाई तिच्या अक्षापासून सरकते.

पावडर कोटिंग (गोळीवर भाजून बसवलेला पावडरचा थर) करत असाल तर: थर गोळीच्या व्यासात साधारण दोन ते तीन थाऊ भर घालतो आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही. कोटिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा साइझ केल्याने फरक कमी होतो. आणखी एक. पावडर पक्की करायला साधारण २०० अंश लागतात, आणि तेवढ्या आचेत पाण्याने आणलेला कडकपणा निघून जातो. ‘कोटिंग केल्यापासून माप बदललं’ ही तक्रार बऱ्याचदा थराची नसून मऊ पडलेल्या गोळीची असते.

गॅस चेक (गोळीच्या बुडावरची तांब्याची टोपी) असेल तर: ही टोपी शिशापेक्षा जास्त परत फुगते. तिच्यावर मोठा आणि पट्ट्यांवर छोटा आकडा आला तर घाबरू नका, पण दोन्ही मापं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. गोंधळ इथूनच सुरू होतो.

## टप्पा ५: आता डाय

इथपर्यंत आलात आणि फरक अजून आहे, तर डाय स्वच्छ करा आणि हा प्रयोग करा. एकाच घाण्यातल्या पाच मऊ गोळ्या घ्या, शक्यतो शुद्ध शिशाच्या. प्रत्येकीवर जोडरेषेवर मार्करने एक रेघ मारा. काही गोळ्या रेघ समोर ठेवून काढा, मोजा. उरलेल्या गोळ्या रेघ काटकोनात ठेवून काढा, मोजा. मग प्रत्येक गोळी आधीच्याच दिशेने परत एकदा काढा, मोजा.

दुसऱ्यांदा व्यास किंचित कमी झाला आणि सगळीकडून सारखा झाला, तर ते परत फुगणं होतं. दोनदा काढायची सवय लावा, प्रश्न मिटला. अंडाकृतीची दिशा गोळीबरोबर फिरली, म्हणजे रेघेशी तिचं नातं तसंच राहिलं, तर दोष गोळीचा. दिशा डायशी चिकटून राहिली, गोळी कशीही फिरवा पण जाड बाजू कायम डायच्या एकाच कडेला, तर आणि तरच डाय अंडाकृती आहे. एवढं सिद्ध झालं की ती बदला. अंडाकृती भोक घरच्या घासण्याने गोल होत नाही.

डाय गोल आहे पण सगळ्या गोळ्या सारख्याच प्रमाणात बारीक निघताहेत, एवढीच तक्रार असेल तरच घासायला अर्थ आहे. लाकडी दांडीला चीर पाडा, त्यात ६०० नंबरचा पॉलिश पेपर अडकवून डायच्या भोकात नेमका बसेल इतका गुंडाळा, भरपूर तेल लावा. सावकाश फिरणाऱ्या ड्रिलने, सतत वर-खाली सरकवत, पंधरा सेकंद. बाहेर काढा, डाय पूर्ण धुवा, थंड होऊ द्या, गोळी काढून मोजा. मग पुढचे पंधरा सेकंद. दांडी तोंडाशी थांबली की तोंड कर्ण्यासारखं पसरतं. हव्या मापाच्या ०.०००३ इंच आधीच थांबा आणि उरलेलं १००० च्या पेपरने चमक आणताना जाऊ द्या.

सावधान: घासल्यानंतर डाय दोनदा धुवा. उरलेली एमरीची धूळ मऊ शिशात रुतते आणि मग प्रत्येक गोळी नळीसाठी पॉलिश पेपर होते.

## कुठे थांबायचं

वीस गोळ्यांत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत छोटी यांच्यात ०.०००५ इंच फरक उरला असेल तर पुढे खोदू नका. त्यातला निम्मा फरक टप्पा १ मध्ये लिहिलेला तुमच्या हाताचाच असतो. ठरलेलं माप बंदुकीच्या नळीच्या खोबणीशी आणि चेंबरशी (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेशी) जुळतं का हे मात्र वेगळं तपासा. गोळी मोठी झाली की चेंबरमध्ये अडते आणि दाबही बदलतो, म्हणून माप बदललं की जुन्या भरणीचे आकडे तसेच्या तसे वापरायचे नाहीत.

डायच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा: कोणतं मिश्रण, ओतल्यापासून किती दिवसांनी, कोणतं वंगण, आणि गोळी प्रत्यक्षात किती भरली. माझ्या ०.३५८ च्या डायवर लिहिलं आहे, ‘कडक मिश्रण, तीन दिवस, ०.३५८४’. डायवर कोरलेल्या आकड्याकडे मी आता बघतही नाही.